शिनवार

तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला तेव्हा आधीच्या बाईंनी तीन-चार मुलांबद्दल मुद्दाम बोलावून सांगितलं होतं, त्यात हा एक. "याची जीभ जड आहे, शब्द उलटेसुलटे वाचतो, आणि ऱ्हस्व-दीर्घाचं तर विचारूच नका." वही उघडली तर खरंच लाल गोलांचा सडा. शनीवार, रवीवार, कवीता, वडीलांनी, समीती. खाली शेरा, ‘शुद्धलेखनाकडे लक्ष द्या’, आणि त्याखाली प्रत्येक शब्द पाच-पाच वेळा लिहून घेतलेला. पाच वेळा लिहून आण हे आमच्याकडचं सगळ्या दुखण्यांवरचं एकच औषध, काही जण दहा वेळा लिहून घेतात, ते जास्त शिस्तीचे समजले जातात. याने ‘वडिलांनी’ पाचही वेळा बरोबर लिहिलं होतं आणि पुढच्याच पानावर परत वडीलांनी.

वाचायला उभा केला की वेगळीच तऱ्हा. शनिवारचा शिनवार, कवितेची किवता, गणिताचं गिणत. वर्ग हसायचा, तोही हसायचा, आणि मग हळूहळू त्याने वाचायला हात वर करणंच सोडून दिलं. आईला कुणीतरी स्पीच थेरपिस्टकडे न्या असं सांगितलेलं, त्या बिचाऱ्या चौकशी करत होत्या.

मला एकच गोष्ट खटकत होती. बोलताना हा मुलगा कधीच शिनवार म्हणायचा नाही. "मॅडम, शनिवारी सकाळची शाळा ना?" एकदम स्वच्छ. जीभ जड असती तर बोलतानाही अडली असती, ती पुस्तक समोर आल्यावरच कशी जड होते? आणि त्यातही गंमत अशी की माहिती, पाहिजे, सांगितलं, राहिला हे सगळं तो बिनचूक वाचायचा. दिवा, खिडकी, चिमणीसुद्धा. म्हणजे वेलांटी येत नाही म्हणावं तर येत होती.

तर त्या दिवशी पालकांच्या ग्रुपवर सूचना टाकायची होती, माझे हात खडूने भरलेले, हा शेजारीच उभा होता म्हणून मोबाईल त्याच्या हातात दिला आणि म्हणलं तू टाईप कर, मी सांगते. ‘शनिवारी सकाळी सात वाजता’. मोबाईल परत घेतला, वाचलं, आणि परत वाचलं. शनिवारी. पहिली वेलांटी, जागेवर. आधी वाटलं वर जे शब्द सुचवले जातात त्यातला दाबला असेल. म्हणून सुट्टीत त्याला बसवून अस्तित्वातच नसलेले शब्द सांगितले, मटिपा, लगिसा, रमिटो, ते काही कुठला कीबोर्ड सुचवणार नाही. (खोटे शब्द देणं ही तपासणीची माझी आवडती रीत आहे, पाठांतराची सगळी हवा त्यात निघून जाते.) तिन्ही बरोबर. मग तेच तीन वहीत लिहायला सांगितले. मटीपा, लगीसा, रमीटो.

म्हणलं अरे, मोबाईलवर पहिली दिलीस, इथे दुसरी का? तर म्हणतो, "पहिलीच आहे मॅडम, पण वहीत पहिली काढली की ती मागच्याला चिकटते. मोबाईलवर आपली आपण जाते."

म्हणजे याला ऱ्हस्व कुठलं आणि दीर्घ कुठलं हे कानाने चांगलं कळत होतं, ज्या गोष्टीसाठी वही लाल केली ती त्याला येतच होती. मोबाईलवर आधी न दाबायचा, मग वेलांटी, बोलण्याच्या क्रमानेच, आणि ती उडी मारून न च्या डावीकडे जाऊन बसते. कागदावर मात्र ती आधी काढायची, अक्षर नंतर. वाचताना श, मग वेलांटी, मग न असंच डोळ्यासमोर येतं, याने वेलांटी श ला देऊन टाकली, झाला शिनवार. लिहिताना तसं होऊ नये म्हणून पठ्ठ्याने स्वतःच तोड काढली होती, सरळ दुसरी द्यायची, ती उजवीकडे असते, तिचा मालक कोण याबद्दल वाद नाही.

मग तो जिथे अडखळायचा ते शब्द एका बाजूला आणि बरोबर वाचलेले दुसऱ्या बाजूला असे मी चिठ्ठ्यांवर मांडले आणि सगळा हिशोब लागला. पाहिजे, माहिती, राहिला, सांगितलं यात वेलांटीच्या आधीच्या अक्षराला आधीच काना आहे, त्याला आणखी वेलांटी लागूच शकत नाही, म्हणून तिथे घोटाळा नाही. दिवा, खिडकीत वेलांटीच्या आधी अक्षरच नाही. फसवतात ते शब्द ज्यात आधीचं अक्षर कोरं आहे, कविता, रविवार, वडिलांनी, बहिणीला. आता बाराखडीचा तक्ता आठवा, त्यात ‘कि’ एकटा उभा असतो, शेजारी कुणी नाही. पहिल्या वेलांटीचा धडा काढून बघा, बहुतेक शब्द दिवा, पिवळा, चिमणी असे वेलांटीनेच सुरू होणारे. म्हणजे ही चूक पहिलीच्या वर्गात दिसणारच नाही अशी आपण व्यवस्था केलेली आहे, आणि ती दिसते तेव्हा तिचं नाव ऱ्हस्व-दीर्घ पडतं.

मी हे स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले नियम पाठ करून घ्या, मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे अठरा नियम आहेत, १९६२ चे चौदा आणि १९७२ चे चार. नियम मलाही पाठ आहेत. ‘गणित’मध्ये वेलांटी पहिली कारण शब्द तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला, हे आठ वर्षांच्या मुलाला सांगून बघावं सरांनी एकदा. आणि इथे नियमाचा प्रश्नच नव्हता!

नंतर शोधाशोध केली तर कळलं की २००२ मध्ये ज्योत्स्ना वैद आणि आशुम गुप्ता यांनी हिंदी वाचणाऱ्यांवर याचा अभ्यास केलेला आहे, अशा मागेपुढे झालेल्या वेलांटीच्या शब्दांना मोठ्या माणसांनाही वेळ जास्त लागतो. आणि १९५३ ला लखनौच्या लिपीसुधार परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीसुद्धा उजवीकडेच द्या, फक्त तिचा दांडा आखूड ठेवा, अशी शिफारस केली होती. टिकली नाही ती. पण विद्वानांची अख्खी परिषद जिथे पोचली तिथे हा मुलगा लाल गोल खात एकटा पोचला होता.

उपाय साधा निघाला. पहिल्या वेलांटीची कमान ज्या अक्षराच्या डोक्यावरून जाते ती त्याची. बोटाने कमान गिरवायची, आणि मग वाचायचं. अडचण छापील अक्षरांची, बऱ्याच फॉन्टमध्ये कमान आखूड असते, अक्षराच्या दांड्यापर्यंत पोचतच नाही, मध्येच लटकते. म्हणून मी पुस्तकातल्याच धड्यांवर पेन्सिलने कमानी लांबवून दिल्या, डोळे दुखले पण केलं. थोड्या दिवसांत शिनवार गेला. लिहिताना अजून दुसरी वेलांटी हाताला येते, पण थांबतो, खोडतो, कमान टाकतो.

वाचनस्तर तपासायला आलेल्या साहेबांनी मात्र त्याला ‘शब्द’ या रकान्यातच ठेवलं. परिच्छेद वाचताना बोटाने काहीतरी गिरवत वेळ घालवतो म्हणून. मी समजावायला गेले तर म्हणाले, मॅडम, तक्त्यात तसा रकाना नाही.

आईंना थेरपिस्टचं तूर्त राहू द्या म्हणून सांगितलंय, त्यांचा अर्धाच विश्वास बसलाय. मला आता काळजी वेगळीच आहे. बाकीच्यांना तेच खोटे शब्द देऊन पाहिले तर आणखी तिघं सापडली, त्यातली एक तर हुशार मुलांच्या बाकावर बसते, ती ओळखीचे शब्द पाठच करून टाकते म्हणून कधी पकडली गेली नाही. आणि पुढच्या आठवड्यात रफार. तिथे सगळं उलटं, बोलताना र आधी आणि लिहिताना तो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. परवा दारावरची पाटी बघून यानेच विचारलं, "मॅडम, हे ‘वगर’ काय आहे?" सुरुवात ‘वर्ग’पासून करावी की आधी खोटे शब्द द्यावेत, माझं अजून ठरत नाहीये.