तुम्ही विचारलंत म्हणून: बोलायला लावणारं खेळणं कोणतं?

"मॅडम, दोन वर्षांचा झाला, अजून चारच शब्द बोलतो. एखादं खेळणं सांगा ना." परळला मी लहान मुलांची स्पीच थेरपी करते. हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. पूर्वी मी चित्रांची कार्डं सुचवायचे. आता जुलै असेल तर सांगते, गॅलरीत एक घमेलं ठेवा.

त्याआधी कान तपासून घ्या. दोन वर्षांपर्यंत साधारण ५० शब्द आणि 'पाणी दे'सारख्या जोड्या यायला हव्यात. नसतील तर 'याचे बाबाही उशिराच बोलले' म्हणत वाट पाहू नका. पावसाळ्यात सर्दी रेंगाळली की कानाच्या पडद्यामागे द्रव साठू शकतो आणि मुलाला अर्धवट ऐकू येतं. ऐकण्या-बोलण्याच्या अडचणींसाठी वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था १९८३ पासून आहे.

आता घमेलं. लालबागच्या चाळीतली एक आजी नातवाला दिवसभर भंडावायची. "हे काय? रंग कुठला? बोल ना!" तो तोंड मिटून. मी म्हटलं, आजी, परीक्षा बंद. कॅलेंडरच्या जुन्या पानांच्या होड्या करा. पागोळ्यांखाली घमेलं भरलं की होडी पाण्यावर धरा, "सोडू?" म्हणा आणि गप्प बसा. मनात दहा मोजा. (तीनपर्यंतसुद्धा आपल्याच्याने गप्प राहवत नाही, मलाही आधी जमायचं नाही.)

पहिल्या काही होड्या तशाच गेल्या. मग तो होडीकडे आणि आजीच्या तोंडाकडे आळीपाळीने बघायला लागला. सातवीला म्हणाला, "दो." आजीने "नीट म्हण, सोड" केलं नाही. "सोडली! होडी सोडली!" म्हणत हात काढला. कॅलेंडरचे सहा महिने त्या दिवशी वाहून गेले.

पाऊस, पाणी, भिजलं, बुडाली: हे शब्द ओठ मिटून सुरू होतात, त्यामुळे मुलाला ते तोंडावर दिसतात. टपटप, धो धो तर आयतेच. आणि क्रियापदं! पालक रंग आणि आकडे घोकून घेतात, पण नुसत्या नावांची वाक्यं होत नाहीत. पडलं, थांबलं, सांडलं, संपलं आलं की 'पाणी संपलं' फार लांब नसतं.

मे महिन्यात आंबा पिकत घाला: मऊ झाला? वास घे. साल सोल. दिवाळीत किल्ल्याची माती, संक्रांतीत मांज्याऐवजी नुसता पतंग. इंग्रजीतच बोलायचं का, असंही विचारतात. ज्या भाषेत तुम्हाला चिडता आणि लाड करता येतात, त्या भाषेत बोला. दोन भाषांमुळे वाचा अडत नाही.

रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यात मात्र मुलाला उतरवू नका, लेप्टो, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणारा तापाचा आजार, गंमत नव्हे.

त्या नातवाचे बाबा सकाळच्या लोकलने ऑफिसला जातात. परवा पाऊस उघडला, तेव्हा तो गॅलरीत उभा राहून आजीला म्हणाला, "पाऊस ऑफिस." आजीने फोन करून मला एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला.