लिथियम सुरू झाल्यानंतर

बायपोलर विकाराचे (ज्यात मन उन्माद आणि नैराश्य यांत हेलकावते) निदान झाल्यावर मनोविकारतज्ज्ञांनी मला लिथियम कार्बोनेट सुरू केले, तेव्हाच त्यांनी बजावले होते की या औषधाचा गुण येण्याची पातळी आणि विषबाधेची पातळी यांत फारसे अंतर नाही. रक्तातील प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असावे आणि ते १.५च्या वर गेले तर धोका असतो. त्यासाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर १२ तासांनी द्यावे लागते. प्रयोगशाळेत मात्र दर वेळी ‘उपाशी आहात ना?’ असेच विचारतात आणि गोळीची वेळ नोंदवून घ्या, हे मलाच सांगावे लागते.

पहिला त्रास हातांच्या कंपाचा झाला. बशीत चहा सांडणे चालवून घेता आले, पण सही जुळत नाही म्हणून बँकेने धनादेश परत पाठवला तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी लिथियमची पातळी तपासली; ती योग्य निघाली, तेव्हा दम्याचा त्रास नसल्याची खात्री करून त्यांनी प्रोप्रॅनोलॉलची लहान मात्रा दिली. कंप बराच कमी झाला. बँकेत मात्र सहीचा नवा नमुना द्यावाच लागला.

पुढे लिथियममुळे थायरॉइड ग्रंथी मंदावली आणि ते दाखवणारे रक्तातील टीएसएच हे संप्रेरक वाढले. ‘एका गोळीने दुसरी गोळी लागली, आता सगळेच बंद कर,’ असे काकांचे म्हणणे पडले. काळजीपोटी दिलेला असला तरी तो सल्ला घातक होता, कारण लिथियम एकाएकी थांबवले तर उन्माद उलटण्याची शक्यता मोठी असते, आणि थायरॉइडची उणीव मात्र सकाळी अनशापोटी घेतलेल्या थायरॉक्सिनने भरून निघते.

अकोल्याच्या उन्हाळ्यात खरी दक्षता घ्यावी लागते. घामावाटे पाणी आणि मीठ गेले की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात व रक्तातील पातळी चढते; म्हणून निर्जळी उपवास मी सोडले आणि जेवणातील मीठ मनाने कमी-जास्त करत नाही. गुडघा दुखला तरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेत नाही, कारण त्यांनीही पातळी वाढते. औषधाच्या दुकानात पॅरासिटामॉलच मागतो. उलट्या-जुलाब झाले, तोल जाऊ लागला, जीभ जड झाली किंवा हात नेहमीपेक्षा जोरात थरथरू लागले, तर पुढची गोळी न देता मला थेट रुग्णालयात न्यायचे, हे पत्नीने कपाटाच्या दारावर लिहून लावले आहे.

मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे हे सांगणारे रक्तातील क्रिएटिनिन आजवर स्थिर आहे. वाढलेल्या वजनावर मात्र अजून उपाय सापडलेला नाही. चालण्याने ते थोडे उतरते आणि लग्नसराईत पुन्हा चढते.