सोलापुरात ज्वारीपासून तेलापर्यंत

बदलीच्या निमित्ताने रत्नागिरीहून सोलापुरात आलो, तेव्हा आमच्या घरी दोन्ही वेळा भात शिजत असे. वडिलांच्या मधुमेहामुळे तो कमी करून ज्वारी वाढवायची, एवढेच ठरले होते; ज्वारी कोणती, कोठून आणि कधी घ्यायची, हे मात्र सगळे नव्याने शिकावे लागले.

सुरुवात पाकीटबंद पिठाने झाली. पाकिटावर ‘सेंद्रिय’ असे ठळक छापलेले होते, परंतु भाकरी थापताना कडेने फुटत होती. तेच पीठ पेठेतील गिरणीवाल्यांना दाखवले. त्यांनी चिमूटभर पीठ पाण्यात मळले, दोन बोटांत ताणून पाहिले आणि म्हणाले, “मालक, याची विरी गेली. पीठ घेऊच नका, ज्वारी घ्या आणि आठवड्याला लागेल तेवढीच दळून न्या.” जुन्या पिठाचा चिकटपणा जातो आणि मग कितीही गरम पाणी घातले तरी भाकरी धड होत नाही, हे त्या दिवशी कळले.

पुढचे मार्गदर्शनही गिरणीतच मिळाले, कारण कोणाच्या शेतातील ज्वारी चांगली निघाली हे तेथे रांगेत उभ्या असलेल्या बायकांना नेमके ठाऊक असते. मालदांडी हे येथील रब्बीचे पीक. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेली ही ज्वारी काळ्या जमिनीत साठलेल्या ओलीवर वाढते, तिला फवारणी फारशी लागत नाही आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी होते. वर्षाची ज्वारी तेव्हाच भरावी, हा येथील रिवाज आम्हीही उचलला. मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे त्या भागातील मालालाच ते नाव लावण्याची मान्यता, मिळाले; असे नाव मोठे झाले की त्याखाली इतर मालही विकला जाऊ शकतो. म्हणून आम्ही मंगळवेढा तालुक्यातील एका शेतकऱ्याकडूनच पोती आणली, उन्हात चांगली वाळवली आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून कोठीत भरली.

सेंद्रिय मालाविषयी माझे मत या काळात बदलले. त्याचे प्रमाणपत्र त्रयस्थ संस्थेच्या तपासणीतून मिळते, किंवा पीजीएस-इंडिया पद्धतीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांची शेते तपासून ते देतो. ज्याच्याकडे असे प्रमाणपत्र आहे, त्याच्याकडे ते अवश्य मागावे. परंतु कागद नसतानाही “हरभऱ्यावर घाटे अळी आली होती, एकदा औषध मारलं” असे स्वतःहून सांगणारा शेतकरी मला नुसत्या ठळक छपाईपेक्षा अधिक भरवशाचा वाटतो.

भाजीसाठी लक्ष्मी मंडई गाठली. गाळ्यांवरचा माल बहुधा घाऊक बाजारातून येतो. मी मात्र कडेला पोते अंथरून थोडाच माल घेऊन बसलेल्या मावशींकडे वळतो. हिवाळ्यात त्यांच्याकडे करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, चाकवत, चुका असे बरेच काही असते. अंबाडी तर लवकर संपते, कारण पूर्व भागातील तेलुगू भाषक कुटुंबांत तिला मोठी मागणी आहे. उन्हाळ्यात पालेभाज्या रोडावतात आणि महागतात; तेव्हा मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे आणि जवसाची किंवा कारळाची चटणी यांवर भागवावे लागते. माशांचे म्हणाल तर उजनी धरणातील रोहू-कटला मिळतात, परंतु समुद्राच्या माशांवर वाढलेल्या वडिलांनी त्यांना अद्याप मासे म्हणून मान्यता दिलेली नाही.

सर्वांत उशिरा सुटला तो तेलाचा प्रश्न. लाकडी घाण्यावर आपली करडई नेऊन समोर तेल काढून घेता येते, मात्र घाणेवाले थोड्याशा मालासाठी घाणा लावत नाहीत. आता शेजारची दोन घरे आणि आम्ही मिळून करडई घेतो आणि तेल वाटून घेतो. पेंड आपण न्यायची की मजुरीत वळती करायची, हे मात्र घाणा सुरू होण्याआधीच बोलून घ्यावे.