व्हीटी बघायला जाताय? आधी वार बघा

शनिवारी सकाळी लातूर एक्स्प्रेसनं मुंबईत सीएसएमटीला, म्हणजे जुन्या व्हीटी स्टेशनात, उतरलो. रात्रभर साइड अपरवर पाय दुमडून कंबर गेलेली, सोबत कॉलेजात शिकणारा भाचा आणि डोक्यात एकच काम: ही इमारत आतून बघायची. एका व्हिडिओत ऐकलं होतं, ‘कधीही जा, आत सोडतात.’ झोपेच्या तारेत गर्दीच्या मागं चालत पी. डिमेलो रस्त्याच्या बाजूनं बाहेर पडलो आणि तिथंच फसलो.

टॅक्सीवाल्याला म्हटलं, मेन बिल्डिंगला जायचंय. तो म्हणाला, “वो तो पूरा घूमके जाना पडेगा, ढाई सौ.” बॅगा डिकीत गेल्यासुद्धा. सिग्नलला थांबत, वळसा घालत त्यानं आम्हाला त्याच स्टेशनाच्या दुसऱ्या अंगाला आणून सोडलं. अडीचशे रुपये! मीटर टाकला असता तर किमान भाड्यात भागलं असतं, आणि खरं तर टॅक्सी लागतच नाही. हे टर्मिनस आहे, रूळ इथं संपतात. त्यामुळं लोकलचे आणि बाहेरगावच्या गाड्यांचे असे सगळे 18 प्लॅटफॉर्म तोंडाशी आतूनच जोडलेले आहेत. पूल नाही, जिना नाही. गाडीतून उतरलात की इंजिनाच्या पुढं, रूळ संपतात तिकडं चालायला लागा आणि बाहेर न पडता लोकलच्या बाजूला या. मी इंजिनिअर माणूस असून मला हे सुचलं नाही, याचा राग जास्त.

समोर पोचलो तर दार बंद. सुरक्षारक्षक म्हणाला, “साहेब, ऑफिस आहे हे. सोमवारी या.” बरोबरच होतं त्याचं. ही इमारत बांधली तीच तेव्हाच्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेच्या कचेरीसाठी, आणि आजही ते मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे. इमारत आतून बघायची ती तिथल्या हेरिटेज गॅलरीच्या निमित्तानं, आणि ती सोमवार ते शुक्रवार उघडी असते. आम्ही गेलो तेव्हा वेळ दुपारी 3 ते 5 होती. गंमत अशी की 16 एप्रिल 1853 ला इथल्याच बोरीबंदरावरून ठाण्याला पहिली गाडी सुटली, तोही शनिवारच. 3 इंजिनं, 14 डबे, 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी. आम्हाला सलामी मिळाली ती वेगळी.

रविवार डोंबिवलीत मावशीकडं गेला, मजेत. सोमवारी पुन्हा आलो.

आत गेल्यावर मात्र कंबर विसरलो. मुख्य घुमटाखालच्या जिन्यात उभं राहा आणि मान मागं टाकून वर बघा. दगडी फासळ्या आठ कोनांतून वर चढत एकत्र येतात, रंगीत काचांतून उजेड उतरतो. वास्तुविशारद फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स. काम 1878 ला सुरू झालं आणि 1888 ला संपलं, खर्च साधारण 16 लाख रुपये. नाव मात्र काम पुरं व्हायच्या आधीच, 1887 ला, राणीच्या राज्यारोहणाला 50 वर्षं झाली म्हणून व्हिक्टोरिया टर्मिनस. 1996 ला ते छत्रपती शिवाजी टर्मिनस झालं, 2017 ला त्यात ‘महाराज’ आलं, तरी मावशीचे यजमान अजून ‘व्हीटी फास्ट’च पकडतात. बाहेर घड्याळाखाली राणीचा पुतळा होता तो कोनाडा आता रिकामा आहे.

नक्षीसाठी घाई करू नका. जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांनी त्यावर काम केलंय. एका खांबाच्या माथ्यावर पानांच्या गुंतवळ्यात छोटा प्राणी दडलेला भाच्यानं दाखवला. मला दहा मिनिटं दिसत नव्हता, दिसल्यावर दुसरं काही दिसेना. दर्शनी भिंतीवर नाना शंकरशेट यांचा चेहराही कोरलेला आहे, तो शोधा.

आत जायला जमलं नाही तरी हात हलवत परतू नका. लोकलच्या तिकीटघराचं छत बघायला पैसे पडत नाहीत: निळ्यावर सोनेरी चांदण्या, खाली रिटर्न काढणाऱ्यांची रांग. फक्त संध्याकाळी पाचनंतर तिथं थांबू नका, गर्दी लोटून नेते. पूर्ण दर्शनी बाजू मात्र महापालिकेच्या इमारतीसमोरून बघायची. तीही स्टीव्हन्सचीच, 1893 ची. तिथं जायला भुयारी मार्ग आहे. त्यात शिरताना पाटी वाचा. आम्ही दोनदा भलत्याच तोंडातून वर आलो. व्हीटीच्या गेटवर सिंह आणि वाघ आहेत. सिंह इंग्लंडचा, वाघ आपला.

बॅगा क्लोकरूममध्ये ठेवायच्या असतील तर कुलूप लावून न्या, उघडी बॅग घेत नाहीत.

रात्री परतीची गाडी. लोकलच्या टोकाला उभा राहून मी घड्याळ लावलं आणि दोन बॅगा घेऊन बाहेरगावच्या गाडीपर्यंत आतूनच चालत गेलो. चार मिनिटं. भाचा म्हणाला, “मामा, मिनिटाला साडेबासष्ट रुपये पडले.”