माती देण्यासाठी आलेला वारकरी

संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वराहून निघते आणि नाशिक, सिन्नर, राहुरी, नगर करीत करमाळ्यावरून पंढरपूरला पोहोचते. या वाटेच्या दोन्ही अंगांना नगर जिल्ह्यातील जुन्या ख्रिस्ती मंडळ्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनचे काम नगरला १८३१ साली सुरू झाले, त्यातून पुढे खेड्यापाड्यांत ज्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी राहुरी तालुक्यातील एका मंडळीचा मी पाळक आहे. आमच्याकडे एका भावाचा बाप्तिस्मा झालेला आणि दुसऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ, अशी घरे पुष्कळ आहेत. शेतातल्या कामात, लग्नाच्या पंगतीत किंवा आजारपणात याचा कोणाला अडसर होत नाही. प्रश्न उभा राहतो तो घरात मृत्यू झाला म्हणजे.

पालखी तालुक्यात मुक्कामाला होती त्याच रात्री आमच्या मंडळीतील एक वृद्ध भगिनी वारल्या. त्यांचे धाकटे भाऊ दिंडीत चालत होते. त्यांना निरोप गेला आणि पहाटे ते दिंडीतल्या चार सोबत्यांना घेऊन आले. गळ्यातले टाळ त्यांनी दाराबाहेर उतरवून ठेवले, बहिणीच्या पायांवर डोके ठेवले आणि मग माझ्याजवळ येऊन हळूच विचारले, "पाद्रीसाहेब, मला माती देता येईल ना? आणि अक्कासाठी एक अभंग म्हटला तर चालेल का?"

माती देण्याबद्दल विचार करण्यासारखे काहीच नव्हते, परंतु अभंगाच्या विनंतीने अंगणातली कुजबुज थांबली. मंडळीचे एक पंच, निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो, ते पुढे आले. ते म्हणाले, "आमच्या आजोबांना पंढरपुरात चोखोबांच्या समाधीच्या पुढे पाऊल टाकू देत नव्हते. ते दार उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. ज्या दाराने आम्हाला बाहेर ठेवले, त्याच्या वाटेवरचे टाळ आमच्या दफनभूमीत कशाला?"

त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता. घरात पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेले दुःख होते आणि ते खरे होते. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर, नामदेव पायरीसमोर आहे, हे पंढरपूरला गेलेल्या प्रत्येकाने पाहिले आहे. माझ्या मनात रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या आणि पुढे राहुरीत व नगरला राहिलेल्या या कवीने आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असे सांगितले होते. त्यांची पदे आम्ही आजही टाळ-मृदंगावर म्हणतो आणि मास्तर स्वतः त्या भजनाला बसतात. तरीही हा दाखला मी त्यांना दिला नाही. टिळक ब्राह्मण घरात जन्मले होते, त्यांच्यासाठी देवळाचे दार कधी बंद नव्हते, आणि म्हणून त्यांच्या उदाहरणाने मास्तरांच्या प्रश्नाचे उत्तर होत नाही, असे मला तेव्हा वाटले व आजही वाटते.

उत्तर दिले ते भावाने. "मास्तर, आमचे वडीलबी कळसाला हात जोडूनच माघारी फिरायचे. तरी दरसाल निघायचे. अक्का लहान असताना त्यांच्या खांद्यावर बसून गेलीय त्या वाटेनं. मला दुसरं काही नको, तिला निरोप द्यायचाय."

मी पंचांना बाजूला घेऊन माझे मत सांगितले. दफनविधी आमच्या उपासनाक्रमाप्रमाणे, पुनरुत्थानाच्या आशेसह, एक शब्दही न गाळता होईल. पालखीचा दिवस आहे म्हणून त्यात काही मिसळणार नाही. मात्र आशीर्वाद देऊन विधी संपल्यावर शोक करण्याचा हक्क जेवढा मंडळीचा तेवढाच रक्ताच्या नातेवाइकांचा आहे, आणि तो त्यांनी आपल्या भाषेत व्यक्त केला तर प्रभूच्या नावाला त्याने बाध येत नाही. मास्तर बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणायचाच असेल तर चोखोबांचा म्हणा."

दफनभूमीत मी १२१वे स्तोत्र वाचले. यरुशलेमकडे यात्रेला जाणारे लोक वाट चढताना जी पंधरा स्तोत्रे गात, त्यांपैकी ते एक आहे. प्रवचनासाठी लूकच्या दुसऱ्या अध्यायातील प्रसंग घेतला. वल्हांडण सणाची यात्रा आटोपून परतताना मरीया आणि योसेफ दिवसभराची वाट चालून गेले, बारा वर्षांचा येशू सोबतच्या लोकांत असेल असे समजून. मुलगा दिसत नसतानाही आईबापांना दिवसभर निश्चिंत चालता यावे, एवढा त्या यात्रेतल्या नात्यागोत्यांवर त्यांचा भरवसा होता, आणि समोर उभ्या असलेल्या वारकऱ्यांना तो भरवसा मला समजावून सांगावा लागला नाही. आशीर्वादानंतर भावाने माती दिली, सोबत्यांनी टाळ हातात घेतले आणि चोखोबांचा अभंग म्हटला. मास्तर फाटकापाशी उभे होते. ते गायले नाहीत, पण अभंग संपेपर्यंत निघूनही गेले नाहीत.

पुढच्या बैठकीत पंचांनी ठराव लिहून घेतला की, आशीर्वादानंतर नातेवाइकांना भजन म्हणता येईल, मात्र त्याआधी पाळकांना विचारले पाहिजे. दुसरी अट मास्तरांनी घातली आणि ती मला फार मोलाची वाटली: मृताच्या घरच्या सर्वांची संमती असली पाहिजे, कारण आमच्यातल्या काही घरांच्या जखमा अजून ओल्या आहेत.

आषाढी झाल्यावर ते भाऊ पंढरपूरहून परतले आणि बहिणीच्या स्मरणार्थ ठेवलेल्या प्रार्थनासभेला आले. येताना चुरमुरे, बत्तासे आणि बुक्क्याची पुडी घेऊन आले होते. प्रसाद घ्यावा की नाही, असे घरच्या सुनेने मला सर्वांसमक्ष विचारले. पौलाने करिंथच्या मंडळीला मूर्तीच्या नैवेद्याविषयी जे लिहिले आहे ते मी वाचून दाखवले आणि ज्याने त्याने आपल्या विवेकाप्रमाणे व दुसऱ्याच्या दुर्बळ विवेकाला जपून वागावे, असे सांगितले. काहींनी घेतला, काहींनी घेतला नाही. मी घेतला नाही, आणि का घेत नाही हे त्यांच्याजवळ बसून त्यांना सांगितले. त्यांनी ते ऐकून घेतले, पुडी पिशवीत ठेवली, आमच्याबरोबर जेवले आणि अक्काच्या थडग्यावर दगड बसवायचा तर खर्चातला निम्मा वाटा आपला राहील, असे भाच्यांना बजावून घरी गेले.