घड्याळाला चापट

टिकटिक हा माझा लाडका ध्वनी. दोन मिनिटांत प्रेक्षक ती ऐकणं सोडून देतो. मग ती जाणवते थेट थांबल्यावर. आमच्या नाटकाचा शेवटचा अंक यावरच उभा होता. आतल्या खोलीत आजारी वडील, बाहेर मुलगी. शेवटी टिकटिक थांबते, ती मान वळवते, काळोख. वडील गेले हे कुणी बोलत नाही. रशियन नाटककार चेखवच्या 'चेरी ऑर्चर्ड' या नाटकात (१९०४) तार तुटल्यासारखा आवाज येतो आणि तो कशाचा, यावर पात्रांचंही एकमत होत नाही. आमच्या दिग्दर्शकाला तसलं काहीतरी हवं होतं.

एका प्रयोगाला शेवट बारा मिनिटांवर असताना टिकटिक वाजवणारा माझा लॅपटॉप हँग झाला. टिकटिक बंद.

तिने सवयीने मान वळवली. प्रकाशयोजनावाल्याचा हात काळोखाकडे निघाला होता. मी त्याचं मनगट धरलं. दुसऱ्या हाताने घोषणेचा माइक घड्याळामागे लपवलेल्या स्पीकरवर वळवला आणि चष्म्याच्या डबीवर पेन टेकवलं. तोवर ती उठून घड्याळापाशी पोचली होती. त्याला एक चापट मारून म्हणाली, "हे मेलं असंच बंद पडतं." चापटीवरच मी पहिला ठोका दिला. प्रेक्षक हसले.

मग बारा मिनिटं पेन. सोपं वाटतं, पण मी प्रेक्षागृहाच्या पार मागे, स्पीकर वीसेक मीटरवर. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे माझाच ठोका मला सेकंदाच्या सतराव्या भागाइतका उशिरा ऐकू यायचा. एवढ्यानेही हात मागे ओढला जातो. शेवटी कानांचा नाद सोडला आणि मनगटावरच्या सेकंदकाट्याकडे बघत वाजवत राहिलो.

खरा क्यू, म्हणजे टिकटिक थांबवायची ठरलेली जागा, आला तेव्हा घोळ लक्षात आला. घड्याळ असंच बंद पडतं, हे आता सगळ्या प्रेक्षागृहाला ठाऊक होतं! मी पेन उचललं. दोनचार जण हसलेच. ती उठली, घड्याळापाशी गेली, चापटीसाठी हात उगारला. तो तसाच राहिला. मग तिने तो हळूहळू खाली घेतला आणि आतल्या दाराकडे पाहिलं. हसू नेमकं कधी विरलं, सांगता येणार नाही. काळोखासाठी खूण द्यायला मी मुद्दाम उशीर केला.

पडद्यानंतर दिग्दर्शक वर आला तो भांडायलाच, असं मला वाटलं. पुढच्या प्रयोगापासून घड्याळ बारा मिनिटं आधी एकदा बंद पाडायचं ठरलं. लॅपटॉप मात्र आता दोन असतात.