काळा चौकोन आणि आजीचा शेरा

आर्किटेक्चरच्या पहिल्या वर्षाला बेसिक डिझाइनच्या मॅडमनी काम दिलं. ए-थ्री कार्ट्रिज शीट, एक काळा चौकोन, पाच रेघा. घर नको, झाड नको, कशाचंच चित्र नको. मला वाटलं, तासाभरात उरकेल. पाच आठवडे गेले.

पहिल्या शीटवर माझ्याही नकळत वाडा उतरला. चौकोनाचा दिंडी दरवाजा, रेघांच्या पायऱ्या. पुण्याच्या कसब्यात वाढल्यावर दुसरं काय होणार! मॅडमनी शीट उलटी धरली. उलटा वाडा दिसला.

मग लायब्ररीत चेर्निखोव सापडला. रशियातला हा वास्तुकार रेषा-पट्ट्यांच्या सरावातून शिकवायचा. 1933 साली त्याने 101 रंगीत काल्पनिक रचनांचं पुस्तक काढलं. मी भारावून त्यातलीच एक उतरवून नेली. "हात चांगला आहे. आता तुझं आण," एवढंच मॅडम म्हणाल्या.

शेवटी पेन्सिल बाजूला ठेवली. अप्पा बळवंत चौकातून काळा कागद आणला, चौकोन आणि पट्ट्या कापल्या आणि रात्री फरशीवर नुसत्या सरकवत बसले. प्रत्येक वेळी मोबाइलवर फोटो. फोटो नखाएवढा करून पाहिला की तोल चटकन कळतो, ही युक्ती सीनियरची. मध्यभागी चौकोन मख्ख बसून राहायचा. उजवीकडे खाली नेऊन जरासा तिरका केला, तेव्हा डावीकडचा कोरा कागदही काहीतरी करतोय असं वाटायला लागलं. रशियन चित्रकार मालेविचच्या 1915 च्या 'काळा चौकोन' या चित्रातल्या चौकोनाच्याही बाजू चौकटीला नीट समांतर नाहीत. ते का, ते तेव्हा जाणवलं.

आजी पाणी प्यायला उठली, वाकून बघितलं आणि म्हणाली, "अगं, हे पडेल की!" हे काय आहे, असं तिने विचारलंच नाही! मी सगळ्यात लांब पट्टी चौकोनाच्या खालच्या कोपऱ्याकडे नेली, पण टेकवली नाही. दोन मिलिमीटर फट ठेवली. नजर थेट त्या फटीवर जायला लागली. "आता थांबलं," म्हणत आजी झोपायला गेली.

फेव्हिकॉलने कागद फुगला, म्हणून सगळं पुन्हा रबर सोल्यूशनने चिकटवलं. ज्युरीत, म्हणजे कामाच्या तपासणीत, मॅडमनी शीट चारही बाजूंनी फिरवली, फटीवर बोट ठेवलं आणि दहापैकी साडेसात दिले. अर्धा मार्क डाव्या कोपऱ्यातल्या अंगठ्याच्या डागाने खाल्ला.